सहाव्या चित्रातला डोंगर

प्रूफ बघायच्या दिवशी मगदूमअण्णा तांबडा रस्सा खात नसत. राजारामपुरीत ज्या गल्लीत आमचा छापखाना होता, त्याच गल्लीच्या तोंडाला एक खानावळ होती. अण्णा एकटेच राहत, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण तिथंच. आत येऊन ते नुसते "आज प्रूफ हाय" म्हणाले की त्यांच्या ताटात फक्त पांढरा रस्सा पडायचा. कोल्हापुरात राहून तांबड्याला नको म्हणणारा माणूस कोण, म्हणून शेजारची गिऱ्हाइकं वळून बघत. अण्णांचं म्हणणं असं, की डोळ्यालाही चव असते. तांबड्याची चव एकदा लागली की पुढचे दोन तास निळा फिका लागतो.

हे त्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि मी हसले. त्यांना राग आला नाही. "हसा बाई," ते म्हणाले, "थोडी वर्सं जाऊ द्यात. तुमीबी पांढराच मागशिला." मी खानावळीत कधी गेले नाही, डबा न्यायची. पण प्रूफाच्या दिवशी डब्यात लाल चटणी न्यायचं मी बंद केलं ते कधी, हे माझं मलाच कळलं नाही.

साठ-पासष्ट सालानंतरची ती वर्षं. मी चित्रकलेची परीक्षा देऊन शाळेतल्या नोकरीची वाट बघत होते. नोकरी काही येईना, म्हणून छापखान्यात अक्षरं काढायला लागले. लग्नपत्रिका, उदबत्तीच्या पुड्यांची लेबलं, दुकानदारांची कॅलेंडरं. छापखान्यात मी एकटीच बाई, म्हणून सगळे मला बाईच म्हणत. मालकांना माझं पूर्ण नाव माहीत असेल, बाकी कुणी विचारल्याचं आठवत नाही.

माझं टेबल अण्णांच्या टेबलाशेजारी होतं. उत्तरेकडची खिडकी त्यांची, तिथं उन्हाची तिरीप येत नसे. उंच, वाळका माणूस. पांढरा पायजमा आणि वर करडा कोट. तो कोट त्यांनी शिंप्याला चार वेळा कापड बदलायला लावून शिवून घेतला होता, कारण रंगीत कपड्याचा उजेड कामावर पडतो. सकाळी आले की तांब्यात पाणी घेऊन मागच्या दारी डोळे धुवायचे, मग पाच मिनिटं खिडकीबाहेरच्या पांढऱ्या भिंतीकडे नुसतं बघत उभं राहायचं. त्या पाच मिनिटांत मालकांनी हाक मारली तरी ओ मिळत नसे.

त्यांचं काम रंगदुरुस्तीचं. रंगीत चित्र छापायचं तर आधी कॅमेऱ्यावर त्याचे चार भाग करत, पिवळा, तांबडा, निळा आणि काळा. प्रत्येकाची वेगळी फिल्म, आणि फिल्मवर नुसते ठिपके. टेबलाच्या काचेखाली दिवा लावून, डोळ्याला भिंग धरून, चार केसांच्या ब्रशानं अण्णा त्या ठिपक्यांना औषध लावत. औषधानं ठिपका बारीक होतो. तांबड्या फिल्मवरचा ठिपका बारीक केला की छापताना तेवढ्या जागेतला तांबडा कमी होतो. एखादा रंग वाढवायचा असेल तर त्याची फिल्म कॅमेऱ्यावर आधीच गडद काढून घ्यायची. मात्र बारीक केलेला ठिपका पुन्हा मोठा करता येत नाही. हात जास्त चालला की फिल्म गेली. कॅमेऱ्यावर नवीन काढायची, दोन दिवस मोडायचे, आणि का मोडले ते मालकांना सांगायचं. अण्णांची फिल्म गेल्याचं छापखान्यात कुणाला आठवत नव्हतं.

"रंग बघायचा नसतोय बाई, वळखायचा असतोय," हे त्यांचं नेहमीचं. म्हणजे कॅमेरा काहीही दाखवो, आपल्याला माहीत पाहिजे की देवीचा शालू हिरवा आहे, केळीचं पान असं आहे, आभाळ असं आहे. जे माहीत आहे त्याच्यापर्यंत ठिपका नेऊन पोचवायचा. सगळं आयुष्य त्यांनी हेच केलं आणि त्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता.

पैलवानाची गोष्ट तर नव्या आलेल्या प्रत्येकाला सांगितली जाई. एका पेंडीच्या व्यापाऱ्यानं आपल्या पैलवान पुतण्याचा फोटो कॅलेंडरवर घातला. पोरगा गोरापान, गालावर गुलाबी असा छापून पाहिजे, असं त्याचं सांगणं. अण्णांनी पैलवान जसा होता तसाच ठेवला. व्यापारी प्रूफ घेऊन तणतणत आला. "आमचं पोरगं एवढं काळं न्हाय," म्हणाला. अण्णा म्हणाले, "त्याला हिकडं आणा." पैलवान तालमीतून तसाच आला, अंगाला माती होती. अण्णांनी त्याला खिडकीशी उभा केला आणि प्रूफ त्याच्या दंडाला लावून धरलं. कागद कुठं संपतो आणि दंड कुठं सुरू होतो, लांबून कळेना. शेवटी पैलवानच चुलत्याला म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या. गोरा केलासा तर तालमीत हसत्याल मला."

हे सगळं त्यांच्या चांगल्या दिवसातलं. मी ज्याबद्दल लिहायला बसले आहे ते नंतरचं आहे, आणि ते लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं.

एका दिवाळीच्या आधी ऑइल इंजिनच्या एका कारखान्याचे धाकटे मालक, अभयराव, छापखान्यात आले. जर्मनीत इंजिनिअरिंग शिकून नुकतेच परतले होते. येताना तिकडच्या कुठल्या संग्रहालयातून सहा चित्रं घेऊन आले होते. मूळ चित्रं नव्हेत, संग्रहालयानंच करून घेतलेल्या छापील प्रती. जाड, हातानं फाडल्यासारख्या कडांचा कागद, प्रत्येकावर पातळ पांढऱ्या कागदाचं आवरण. त्यांनी एकेक आवरण उचललं आणि आम्ही जवळ सरकलो. तांबडी झाडं. हिरवं आभाळ. गुलाबी रस्ता, नदीचा काठ नारिंगी. सहाव्यात झाडांनी भरलेलं एक खोरं आणि त्याच्या मागं जांभळा डोंगर. फ्रान्समधल्या काही चित्रकारांनी शतकाच्या सुरुवातीला अशी निसर्गचित्रं काढली, असं अभयरावांनी सांगितलं. लोकांनी तेव्हा त्यांना रानटी जनावरं म्हटलं होतं.

येत्या वर्षाच्या कॅलेंडरावर ही सहा चित्रं घालायची, दोन महिन्यांना एक, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या वडिलांना दर वर्षीप्रमाणे अंबाबाई हवी होती. बापलेकांत घरी काय झालं असेल ते असो, काम आमच्याकडे आलं.

पंधरा दिवसांनी पहिल्या चित्राचं प्रूफ निघालं. अभयराव बघायला आले आणि बघतच राहिले. प्रूफावरची झाडं हिरवीगार होती आणि आभाळ निळं.

"अण्णा, हे काय केलंत?"

"दुरुस्त केलं," अण्णा म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"दुरुस्त करायचं नव्हतं. चित्रकार चुकलेला नाही. त्याला झाड तांबडंच काढायचं होतं."

"झाड? तांबडं?"

"त्याला तसं दिसलं."

अण्णांनी मूळ प्रत उचलून खिडकीशी नेली. बराच वेळ बघितलं. मग जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "म्हंजे ह्यानं वळखलं न्हाय. नुसतं बघितलं."

अभयराव चिडले होते, पण या वाक्याला हसले. म्हणाले, "तेच तर." नवीन फिल्म काढायला सांगून ते गेले. मालकांनी अण्णांना काही म्हटलं नाही, कारण इतकी वर्षं गिऱ्हाइकं दुरुस्तीच मागत आली होती. मी मात्र त्या दिवशी प्रूफाकडे पुन्हा बघितलं. झाडं हिरवी करणं समजू शकत होतं. पण गुलाबी रस्त्याच्या कडेला एक फिकट पिवळी पट्टी होती, ती अण्णांनी पार पुसून टाकली होती. ती काही दुरुस्ती नव्हती. तिथं पिवळा आहे, हे त्यांना दिसलंच नसावं, असं माझ्या मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं.

पुढचे दोन दिवस अण्णा त्या सहा प्रती भिंगातून बघत बसले. चित्रं बघत होते असं म्हणवत नाही, ते कागद बघत होते. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं.

"बाई, ह्यात ठिपकंच न्हाईत."

मी भिंग लावलं. खरंच नव्हते. रंग एकात एक विरघळत गेला होता.

"कसं केलं असंल?" अण्णा म्हणाले. "आनि ह्यास्नी रानटी म्हणत्यात. रानटी कसलं? ह्या तांबड्याशेजारी हिरवा किती मोजून ठेवलाय बघा की." मग त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. खाली बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव होतं, संग्रहालयाचं होतं. "चित्रकारानं एकदा काढलं. ह्या गड्यानं ते परत काढलं. एक रेघ इकडची तिकडं होऊ दिली न्हाय. आनि सोताचं नाव कुठं घातलं न्हाय." थोडं थांबून म्हणाले, "त्याचाबी कोट करडाच असंल."

तेव्हापासून ते चित्रकाराबद्दल बोलले नाहीत. बोलायचे ते ती प्रत छापणाऱ्या 'ह्या गड्या'बद्दल. ह्या गड्यानं इथं काय केलं असेल, ह्या गड्याला किती दिवस लागले असतील. आपल्याकडे तसलं यंत्र नाही, तसला कागद नाही, आपल्याला ठिपक्यांवरच भागवायचं आहे. पण उद्या हा गडी कोल्हापुरात आला आणि त्यानं हे कॅलेंडर बघितलं, तर त्याला तोंड दाखवायजोगं काम झालं पाहिजे. छप्पन वर्षांच्या माणसाला असा मित्र मिळालेला मी पहिल्यांदाच बघत होते.

पत्रिकेचा प्रकार त्याच आठवड्यातला. लग्नाची पत्रिका काळ्या शाईत छापत नाहीत. अक्षरं माझी होती, शाई गडद निळी ठरली होती. मशीनवर पहिला कागद निघाला, मशीनमननं रिवाजाप्रमाणे तो अण्णांना दाखवला, अण्णांनी मान हलवली. मी दुपारी सहज मशीनकडे गेले तर निम्म्या पत्रिका छापून झाल्या होत्या आणि अक्षरं काळी होती. मशीनमननं धावत जाऊन मशीन थांबवलं. निळ्याच्या जागी त्यानं काळ्याचा डबा उघडला होता. "पण अण्णांनी बघितलं की," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी त्याला सांगितलं की अण्णांना मीच बोलण्यात गुंतवलं होतं, त्यांनी नीट बघितलं नसेल. पत्रिका पुन्हा छापल्या. मालक मला बोलले, मी ऐकून घेतलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर अण्णा म्हणाले, "बाई, खोटं कशाला सांगितलासा?"

मी टेबलावरचे ब्रश गोळा करायला लागले.

"डॉक्टरकडं गेलतो," ते म्हणाले. "मोतीबिंदू हाय, दोनी डोळ्यांत. कच्चा हाय म्हंतोय. पिकल्याबिगर काढत न्हाईत. दोन वर्सं लागत्याल, तीन लागत्याल. तवर निळं आनि काळं एकच. पांढरं आनि पिवळं एकच."

"मालकांना सांगा ना, अण्णा."

"काय सांगू? रंगाचा माणूस हाय आनि रंग दिसत न्हाईत?" त्यांनी कोटाची बटणं काढली, पुन्हा लावली. "इतके दिस वळखीवर निभावलं. देवीचा शालू डोळं मिटून करंन मी. पर ह्या चित्रांत वळखीचं काय बी न्हाय. हितं बघावंच लागतंय." मग म्हणाले, "ही सा चित्रं होऊ द्यात. मग मी हून मालकास्नी सांगून उठतो. तेवढं तुमच्या डोळ्यांनी बघा माझ्यासाठी."

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

पुढचे दोन महिने आम्ही तसं काम केलं. माझी अक्षरं मी जेवणाच्या सुट्टीत उरकायची आणि उरलेला वेळ त्यांच्या टेबलाशी. ते ब्रशाचं टोक चित्रातल्या एका जागेवर धरत आणि विचारत, "हितं?" सुरुवातीला मी नुसतं तांबडा, जांभळा असं सांगायची. ते वैतागत. "तांबडा म्हंजे कसला? तांबडं लई असतंय." मग आम्हाला नावं सापडत गेली. पिकायच्या आधीचं करवंद. भिजलेलं कौल. गुळाच्या ढेपेचा आतला पिवळा. ताकातल्या हळदीचा. अशी नावं सांगितली की अण्णा डोळे मिटून क्षणभर थांबत, मग ब्रश औषधात बुडवत आणि हात चालायला लागे. त्यांना तो रंग माहीत असे. माझ्या डोळ्यांतून तो त्यांच्या ओळखीपर्यंत पोचला की पुढचं त्यांचा हात करी. नारिंगी काठाचं प्रूफ निघालं तेव्हा अभयरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि अण्णांचा हात हातात घेतला.

मला या कामाचा आनंद झाला असं सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. मी फार दमत असे. आमचं घर कसबा बावड्याला. नवरा साखर कारखान्यात कारकून, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी त्यांचं सगळं करून बस पकडायची, दिवसभर दुसऱ्यासाठी रंग बघायचे, संध्याकाळी बसमधून उतरलं की हंगामातला मळीचा वास आणि पुढं स्वयंपाक. भाजी चिरताना मी तिच्याकडे बघत बसायची, हिचा रंग अण्णांना कसा सांगायचा म्हणून. नवऱ्याला वाटायचं, हिला काही झालंय. मला फक्त झोप हवी होती.

पाच चित्रं झाली. सहावं राहिलं होतं आणि त्याची फिल्म टेबलावर आली, त्या दिवशी सासूबाई पलंगावरून पडल्या. त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तीन दिवस मी तिथंच होते. चौथ्या दिवशी छापखान्यात आले तर सहाव्या चित्राचं प्रूफ टेबलावर पसरलेलं होतं.

"मालक घाई करत हुतं," अण्णा म्हणाले. "मशीन मोकळं हुतं, कागद आलता. मग मी एकट्यानंच केलं. ह्ये सोपं हाय तसं. झाडं तुमी आदी सांगितल्यासारखीच हाईत. आनि डोंगर काय, लांबचा डोंगर निळाच की. आमच्या मलकापूरला दारात बसलं की समोर असतोय. वळखीचा हाय."

त्यांनी मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी शेजारी ठेवलं. मूळ डोंगर जांभळा होता. प्रूफावरचा निळा. तांबड्या फिल्मवरचे डोंगराचे सगळे ठिपके त्यांनी बारीक करून टाकले होते, आणि ते पुन्हा मोठे होणार नव्हते. झाडांचा पिवळा त्या जांभळ्याशेजारी जसा पेटत होता तसा आता पेटत नव्हता. कुठल्याही कॅलेंडरावर असतो तसा एक बरा डोंगर होता तो.

अण्णा माझ्याकडे बघत होते. "बाई, जुळलं?"

मला सगळं दिसत होतं. नवीन फिल्म, मोडलेले दोन दिवस, मालकांची चौकशी, आणि मग त्यांच्या डोळ्यांची गोष्ट त्यांनी स्वतः सांगायच्या आधीच चारचौघांत उघडी पडणार. हे सगळं मी त्या वेळी खरोखर मनात मांडलं का, की नंतर स्वतःच्या समाधानासाठी मांडलं, ते मला आज नक्की सांगता येत नाही. तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुन्हा खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसायचं, पुन्हा पहिल्यापासून रंग सांगायचे, याचं त्राण माझ्यात नव्हतं.

"जुळलं, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी सुस्कारा सोडला. कागदाची कड सरळ केली आणि म्हणाले, "आता ह्यो गडी यीना का कोल्हापुरात."

कॅलेंडर छापलं. अभयरावांनी सहावं प्रूफ उभ्या उभ्या बघून सही केली, आधीच्या पाचांमुळे त्यांचा विश्वास बसला होता. त्यांच्या वडिलांना तर सगळ्यांत तेच आवडलं. "एवढंच एक चित्र माणसानं काढल्यागत हाय," असं ते म्हणाल्याचं मालकांनी हसत हसत सांगितलं. अण्णांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. मी माझ्या अक्षरांवर मान खाली घातली.

बोलल्याप्रमाणे महिन्याभरात त्यांनी मालकांना आपण होऊन सांगितलं आणि काम सोडलं. मालकांनी नारळ आणि शाल दिली. खांद्यावरची शाल बोटांनी चाचपत अण्णांनी मला हळूच विचारलं, "कसली हाय?" मी म्हटलं, "करडी." "मग बरं," ते म्हणाले, आणि मलकापूरला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहायला गेले.

कॅलेंडरचं एक असतं. पानं फाडत जातात, पण वर्ष संपलं तरी शेवटचं पान भिंतीवर राहून जातं. खिळ्यावरून ते कुणी उतरवत नाही. पुढची कितीतरी वर्षं मला नोव्हेंबर-डिसेंबरचं ते पान भेटत राहिलं. पिठाच्या गिरणीत. बसस्थानकाच्या उपाहारगृहात. बावड्याच्या शेतातल्या पंपाच्या खोलीत, काळ्या तेलाचे डाग पडलेलं. तांबडी झाडं, नारिंगी काठ, गुलाबी रस्ता सगळं केव्हाच फाटून गेलं होतं. जिथं जाईन तिथं निळा डोंगर. मी त्याच्याकडे पाठ करून बसायची. अण्णांना पत्र लिहावं असं पुष्कळदा वाटलं, लिहिलं नाही.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, हे मला मशीनमननं सांगितलं. त्यानंतर वर्षभरानं रत्नागिरीला नात्यातलं एक लग्न होतं. परतताना एसटी मलकापूरला थांबली आणि मी नवऱ्याला पुढं पाठवून पिशवी घेऊन उतरले. आधी ठरवलं नव्हतं. उतरल्यावर पाय परत गाडीकडे वळायला लागले होते.

अण्णा दारातच बसले होते, खुर्चीवर, उजेडाकडे तोंड करून. डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, त्यातून डोळे मोठे दिसत होते. अंगात तोच करडा कोट. मांडीवर पाट, पाटावर कागद, शेजारी पाण्याची वाटी आणि शाळकरी मुलांची रंगाच्या वड्यांची पेटी. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. अक्का चहा टाकायला आत गेली.

पाटावर ते पान होतं. नोव्हेंबर-डिसेंबर. खाली माझीच अक्षरं. आणि खुर्चीजवळ तसल्याच पानांची चळत, काही चुरगळलेली, काही तेलकट, एकाला वाळवी लागलेली.

"पट्टी सोडली आनि घरला आलो," अण्णा म्हणाले. "अक्कानं भिंतीवर लावून ठिवलेलं, भावाचं काम म्हणून. बघितलं तर डोंगर निळाशार. माझ्या डोळ्यांम्होरं त्यो कागद जसाच्या तसा हुता की बाई, त्या गड्याचा. जांभळ्याच्या जवळ हुता कायतरी. मला तवा ते मळकं दिसायचं. मी वळखीनं निळा केला." त्यांनी चळतीवर हात ठेवला. "गावात फिरून गोळा केली. लोक देत्यात. कुनाला काय करायचंय जुनं पान. एकेक दुरुस्त करतोय आनि परत निऊन देतोय."

 रस्त्यावरून एक मालट्रक रत्नागिरीच्या अंगाला गेला. मग त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"त्या रोजी तुमाला दिसत हुतं न्हवं?"

"हो, अण्णा."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी सासूबाईंचं, त्या तीन दिवसांचं काही सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "दमलावता तुमी," ते म्हणाले. "मला डोळं नव्हतं, पर तेवढं कळत हुतं. मी पुन्यांदा इच्यारायला पायजे हुतं. मीबी न्हाई इच्यारलं." मग पाट उचलून माझ्यापुढं धरला. निळ्या डोंगरावर त्यांनी पातळ तांबड्याचा हात दिला होता. कडा कुठंही ओलांडलेल्या नव्हत्या. "आता सांगा. जुळलं?"

आत अक्काच्या कपबशा वाजत होत्या. मी कागद हातात घेतला आणि दाराच्या बाहेर उजेडात नेला. मूळ प्रत बघून मला चार-पाच वर्षं झाली होती, पण त्या एका रंगाबद्दल मला शंका नव्हती. इतक्या भिंतींवर निळा डोंगर बघताना दर वेळी मी तो जांभळा मनात त्याच्याशेजारी धरलेला होता. त्याचं नावही मला केव्हाचं सापडलं होतं. अण्णांना तेवढं सांगायचं राहिलं होतं.

"नाही, अण्णा," मी म्हटलं. "वांग्याच्या फुलाचा होता. तांबडा अजून थोडा हवा."

अण्णांनी डोळे मिटले, क्षणभर थांबले. मग ब्रश वाटीत खळबळून घेतला आणि तांबड्याची वडी पुढं ओढली.